एका टाकीत कुणाकुणाला ठेवायचं?

दुपारची भांडी उरकून रेडिओ लावलेल्यांना नमस्कार, आणि रानात मोबाईलवर ऐकणाऱ्यांनाही.

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. चार वर्षं झाली, आम्ही शोभेचे मासे वाढवतो. सिमेंटच्या टाक्या, वर शेडनेट, आत मॉली, प्लॅटी आणि गप्पी. मागच्या खेपेला टाक्या कशा बांधल्या, पिल्लं कशी वेगळी करायची, हे आम्ही सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "आम्हाला काही विकायचं नाही. घरात एक काचेची टाकी ठेवायची आहे, पोरांना बघायला. तर कुठले मासे एकत्र चालतात?" आज तेवढंच बोलणार आहोत. अनुदान आणि कर्जाचं पुन्हा कधीतरी.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो, कारण हे सगळं आम्ही तिच्यातूनच शिकलो.

धंद्याचं पहिलंच वर्ष होतं. शेजारच्या गावातली एक ताई आमच्याकडे आली. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली. दिवसभर खाटेवर. घरातली माणसं कामाला गेली की आजींना वर बघायला पत्रा आणि बाजूला भिंत, एवढंच. तपासणीला नेलं होतं त्या दवाखान्यात माशांची टाकी होती. आजी तिच्याकडे अर्धा तास बघत बसल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. ते ताईच्या मनात राहिलं. शेळीचं एक करडू विकून ती साडेतीन हजार रुपये घेऊन आली आणि म्हणाली, "चांगली रंगीत द्या, आत्याबाईंना लांबून दिसली पाहिजे."

आम्ही तिला दोन फुटी टाकी दिली. मासे देताना हात सैल सोडला. पैसे मोजून आलेल्या बाईला टाकी भरलेली दिसावी, असं वाटलं. आमच्याकडच्या मॉली-प्लॅटी आमच्या रोजच्या डोळ्याखालच्या, त्यांचं आम्हालाच कौतुक नव्हतं. म्हणून शहरातल्या घाऊक बाजारातून खास आणलं: चार गोल्डफिश, दोन मोठे एंजल, पाच टायगर बार्ब, आठ निऑन टेट्रा आणि काच साफ करायला एक सकर. वीस मासे. लाल, सोनेरी, पट्ट्याचे, चमकते. टाकी इतकी सुंदर दिसत होती की आम्ही तिच्याबरोबर फोटो काढले.

बाराव्या दिवशी ताईचा फोन आला. वीसातले सहा उरले होते.

आम्ही तिघी गेलो. पाणी दुधाळ झालेलं, वास येत होता. एका एंजलच्या पोटाखालच्या लांब मिशा कुरतडलेल्या. आम्ही ताईला विचारत होतो, खाद्य किती घातलं, पाणी कधी बदललं. ती बिचारी आठवून सांगत होती. तेवढ्यात खाटेवरून आजी बोलल्या. बोलणं जड, पण कळत होतं. "तिसऱ्या रातीलाच त्या बारक्या दोन कमी झाल्या. त्यो उभा चपटा मासा हाय न्हवं, त्यानं गिळल्या. म्या बघितलं. आन् ती पट्ट्याची पोरं दुसऱ्याच्या पदराला झोंबत्यात, दिसभर."

बारा दिवस त्या टाकीकडे डोळे लावून बसलेलं एकच माणूस त्या घरात होतं, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ताईने नंतर सांगितलं, गोल्डफिश उलटे झाले त्या दिवसापासून आजी भिंतीकडे तोंड करून निजायला लागल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. आम्ही म्हटलं, सगळे मासे नव्याने फुकट देतो. ताई म्हणाली, "आता नको. पुन्हा मेलेले त्यांना बघवायचे नाहीत." एक शब्दही वाकडा बोलली नाही, आणि त्याचंच आम्हाला जास्त लागलं.

आम्ही रंग बघून मासे निवडले होते. आता काय बघतो ते सांगतो.

पहिलं पाणी. मासा दिसायला कसाही असो, त्याचं मूळ कुठल्या पाण्यातलं आहे हे आधी बघायचं. आपल्या भागात काळा दगड. विहिरीचं, बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर बसतो. हीच तुमची परीक्षा, त्याला यंत्र लागत नाही. असं क्षाराचं पाणी गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना मानवतं. ही चारही पिल्लं घालणारी मंडळी. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर लिहिलेलं आपण सगळ्यांनी वाचलंय. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या टाकीत सोडतात तो साधा राखी रंगाचा गप्पी आणि दुकानात मोराच्या पिसाऱ्यासारखी शेपटी घेऊन फिरणारा गप्पी, दोन्ही एकाच जातीचे. मग आपल्या पाण्यात तो का जगतो, हे वेगळं सांगायला नको.

निऑन टेट्राचं उलटं. तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. झाडांचा पाला कुजून चहासारख्या झालेल्या, मऊ, किंचित आंबट पाण्यातला. आता बाजारात येणारे निऑन पैदास केंद्रातले असतात, त्यामुळे थोडंफार जमवून घेतात. पण आमच्या बोअरच्या पाण्यात त्यांना घालणं म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांच्या अंगावर ओझं ठेवणं. आमच्यातल्या एकीचं माहेर कोकणातलं, जांभ्या दगडाच्या मुलखातलं. तिथलं विहिरीचं पाणी मऊ, साबणाचा फेस जाता जात नाही. तिच्या भावाच्या घरी निऑनचा थवा दोन वर्षं झाली मजेत आहे. त्यामुळे बहिणीच्या गावात चाललं म्हणून आपल्याकडे चालेल, असं धरू नका.

पाण्याबरोबरच गारवा-उबाराही आला. गोल्डफिश हा मुळात चीनमधला, गार पाण्याचा मासा. त्याला 18 ते 22 अंश सुखाचं. टेट्रा आणि एंजल यांना 25-26 अंश लागतात. दोघांना एका टाकीत घातलं की एकाला हवं ते दिल्यावर दुसऱ्याला त्रास. आपल्याकडे मे महिन्यात घरातलं पाणी 30-32 अंशांवर सहज जातं. म्हणून आम्ही आता गोल्डफिश कुणालाच देत नाही. गिऱ्हाईक हटून बसलं तरी नाही. दुकानदार म्हणतात, तुम्ही धंदा सोडताय. सोडतोय.

दुसरं, मासा मोठा होऊन केवढा होणार. दुकानात सगळेच बोटाएवढे दिसतात. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, साध्या जातीचा त्याहून मोठा. आणि घाण भरपूर करतो. आमच्या टाकीतलं पाणी दुधाळ झालं ते बरंचसं त्या चौघांमुळे. ऑस्कर नावाचा मासा दोन इंचाचा असताना लहान मुलासारखा गोड दिसतो, तो फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते सगळं खातो. एंजलचं तेच. लहानपणी निऑनबरोबर शांत राहतो, तळहाताएवढा झाला की निऑन त्याचं जेवण. मोठ्या माशाच्या तोंडात मावणारा मासा त्याच्याबरोबर ठेवायचा नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मी मरतूक थांबेल.

आणि तो सकर. टाकी साफ करणारा मासा म्हणून प्रत्येक दुकानात देतात, आम्हीही दिला. तो शेवाळ खातो खरं, पण स्वतःही घाण करतो, आणि फूट-दीड फूट वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला वळायला जागा उरत नाही. मग लोक काय करतात, दया येऊन ओढ्यात, तलावात सोडतात. आपल्या शेजारच्या उजनी जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात हा मासा येतो. त्याला बाजारात कुणी विचारत नाही, आणि त्याच्या काटेरी पंखांनी जाळं फाटतं. तिथं जाळ्यावर पोट असणाऱ्या आपल्यासारख्याच बाया आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, नको झालेला कुठलाही मासा विहिरीत, ओढ्यात, शेततळ्यात सोडू नका. आमच्याकडे आणून द्या. काच आपण जुन्या सुती फडक्याने पुसू शकतो, त्याला सकर कशाला?

तिसरा स्वभाव. यात आजींनी सांगितलं ते सगळं खरं निघालं. टायगर बार्ब वाईट नाही, तो खेळकर आहे. पण लांब, संथ हलणारी शेपटी किंवा पंख दिसला की त्याला राहवत नाही, जाऊन चावतो. गप्पीचा नर, एंजल, गोल्डफिश, फायटर हे सगळे लांब पदराचे, हे त्याच्यासोबत चालतच नाहीत. पुन्हा आम्ही दिले होते पाच. टायगर बार्ब आठ-दहा असले की आपसातच पाठशिवणी खेळतात आणि बाकीच्यांना जरा सुख लागतं. कमी ठेवले की सगळी खोड दुसऱ्यांवर निघते. आम्हाला आधी वाटायचं, कमी मासे म्हणजे कमी भांडण. दर वेळी तसं नसतं.

थव्याने राहणारे मासे एकटे-दुकटे ठेवू नयेत. टेट्रा, झेब्रा, तळाला फिरणारे कोरीडोरास, हे किमान सहा तरी पाहिजेत. एकटा टेट्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, रंग उडतो, खात नाही, आणि आपण म्हणतो मासा आजारी आहे.

फायटर हा मासा तर बहुतेकींनी बाटलीत बघितला असेल. दोन नर एकत्र आले तर एक मरेपर्यंत भांडतात. पण त्याला बाटलीत ठेवणंही बरोबर नाही, निदान वीस लिटरची टाकी द्या, एकट्याला. लांब रंगीत शेपटीचा गप्पी दिसला तरी तो त्याला दुसरा फायटरच समजतो. फ्लॉवरहॉर्न म्हणून डोक्यावर टेंगूळ असलेला मासा मिळतो, लोक त्याला घरात भाग्य आणणारा म्हणून हजारो रुपये मोजतात. भाग्याचं आम्हाला ठाऊक नाही. त्याच्या टाकीत दुसरा मासा टिकत नाही, एवढं ठाऊक आहे.

पिल्लं घालणाऱ्या माशांत नर-मादीचं प्रमाण सांभाळायचं. एका नराला दोन-तीन माद्या. नर जास्त झाले तर माद्यांच्या मागे इतके लागतात की ती बिचारी खाणं सोडून पळतच राहते. हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत सगळ्या हसल्या, पण एक जण हसली नाही, आणि मग आम्हीही गप्प झालो. असो. नर ओळखायला सोपा, पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा टोकदार, मादीचा पंख्यासारखा पसरट. पिल्लं नकोच असतील तर नुसते नर घ्या. नुसत्या माद्या घेऊन उपयोग नाही, कारण एकदा नराशी संग झालेली मादी पुढे कित्येक महिने, नर नसतानाही पिल्लं घालत राहते. आमच्याकडे एक ताई भांडायला आली होती की तुम्ही नर मिसळलात!

आता एक गोष्ट, जी शहरातली माणसं सांगत नाहीत. आपल्याकडे लाईट जाते. लाईट गेली की हवेचा पंप बंद, फिल्टर बंद. उन्हाळ्यात गरम पाण्यात हवा आधीच कमी विरघळते. टाकी गच्च भरलेली असेल तर दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. म्हणून शहरात चालतात त्याहून कमीच मासे आपण ठेवायचे. छोट्या माशांसाठी आमचा अंदाज असा, की एका लिटर पाण्याला एक सेंटिमीटर मासा, तोही पूर्ण वाढल्यावरचा, शेपटी सोडून. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 54 लिटर मावतं. वाळू घालून, वर जागा सोडून 45 लिटर धरा. म्हणजे 45 सेंटिमीटर. आमच्या त्या वीस माशांचा पूर्ण वाढल्यावरचा हिशेब केला तर दीडशेच्या वर गेला. बचत गटाची वही इतकी नीट ठेवणाऱ्या आम्ही, हा साधा हिशेब केला नव्हता.

लाईटचा त्रास फार असेल तर गुरामी मासा बघा. त्याला पाण्याबाहेरची हवा घ्यायचा वेगळा अवयव असतो, मधूनमधून वर येऊन श्वास घेतो. छोटा गुरामी आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. एका टाकीत नर मात्र एकच. आणि सात-आठ तास लाईट गेली असेल तर फिल्टर परत चालू करण्याआधी त्याचा स्पंज टाकीतल्याच थोड्या पाण्यात पिळून घ्या, आत कुजलेलं टाकीत परत जायला नको. नळाच्या पाण्याखाली धुवू नका.

स्पंजाचं एवढं का, तर माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विष. त्याला पचवणारे जिवाणू स्पंजात वस्ती करतात, पण नव्या टाकीत ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आम्ही वीस मासे एकाच दिवशी सोडले, त्यांना सांभाळणारं आत कुणी नव्हतं. आता प्रत्येक टाकीबरोबर आम्ही आमच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा देतो, विरजण म्हणून. तरीसुद्धा मासे एकदम सोडायचे नाहीत.

चार महिन्यांनी ती ताई बाजारात भेटली. आम्ही विषय काढला नाही, तिनेच काढला. "आत्याबाई म्हणतात, रिकामी टाकी दिसती, ते बरं दिसत न्हाई." या वेळी आम्ही आधी तिच्या घरचं पाणी बघितलं. मग सहा झेब्रा दिले. बारीक, निळ्या-चंदेरी उभ्या-आडव्या धावणारे, पाठीपासून शेपटीपर्यंत पट्टे. हाही भारतातलाच मासा, थंडी-ऊन दोन्ही सोसणारा. पूर्ण वाढला तरी चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सहांचे 24. महिनाभर तेवढेच. मग आमच्याच टाकीतल्या चार लाल प्लॅटी, एक नर तीन माद्या, पाच-पाच सेंटिमीटरच्या. झाले 44. झेब्रा वरच्या पाण्यात पळतात, प्लॅटी मधे संथ फिरतात, कुणाची शेपटी लांब नाही, कुणाच्या तोंडात कुणी मावत नाही. डिसेंबरमध्ये रात्री गारठा वाढला तेव्हा एक छोटा हीटर लावला.

आणि टाकीवर लक्ष ठेवायचं काम आजींना दिलं. ताई संध्याकाळी घरी आली की आजी सांगतात, कोण कुणाच्या मागे लागलं, कुणी खाल्लं नाही, कोण कोपऱ्यात आहे. एकदा ताईचा फोन आला, आवाज घाईचा. आमच्या पोटात गोळा. ती म्हणाली, "आत्याबाई म्हणतात, त्या हिरव्या पाल्याच्या मागं डोळ्याएवढं काहीतरी हलतंय." प्लॅटीची पिल्लं होती. बरीचशी मोठ्या माशांनी खाल्ली, ते तसंच चालतं. चार-पाच पाल्यात लपून वाढली. ती बोटाच्या पेराएवढी झाली की ताई आमच्याकडे आणून देते, टाकीचा 45 चा हिशेब बिघडू नये म्हणून. बदल्यात आम्ही खाद्याची पुडी देतो.

आजींनी मधे एकदा तो उभा चपटा मासा परत मागितला होता. "त्यो दिसायला देखणा हुता," म्हणाल्या. आम्ही नाही म्हटलं. त्या जरा रागावल्या.

ज्यांना घरात टाकी ठेवायची आहे त्यांनी आमच्याकडे येताना तीन गोष्टी आणाव्यात. टाकी जिथं ठेवणार त्या जागेचं माप, म्हणजे पाण्याचं वजन तिथला फडताळ पेलेल का ते बघू. एका लिटरचं एक किलो होतं, वर काच आणि वाळू वेगळी. दुसरं, तुमच्याकडे दिवसाला साधारण किती तास लाईट जाते ते लिहून आणा. आणि तिसरं, घरच्या पाण्याची लिटरभर बाटली. आमच्याकडे तपासायचे थेंब आहेत, पाच मिनिटांत कळतं. पण ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल पावडर टाकली त्या दिवशीचं पाणी आणू नका. ते टाकीत भरतानासुद्धा आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून चोवीस तास ठेवायचं, मगच माशांना. बाजारच्या दिवशी आमच्यापैकी कुणी ना कुणी टाक्यांपाशी असतंच.

येतो आम्ही. नमस्कार.